चौथ्याने उठावं

कर्णिककाकूंचे यजमान गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो होतो. काकूंभोवती बायकांचं कोंडाळं. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधले गुप्तेकाका आत आले, बोट फिरवून माणसं मोजली आणि माझ्या आत्याला म्हणाले, "चौथ्याने उठावं. बाईंचा जीव गुदमरतोय." आत्या उठली ती धक्क्यानेच. दुखवट्याच्या घरात असं बोलणारा माणूस आमच्या वर्तकनगरात तोवर कुणी पाहिला नव्हता.

हे खूळ त्यांना विज्ञानकथांनी लावलं. फुटपाथवरून आणलेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात चौकटींच्या जाळ्यातले ठिपके होते. शेजारी दोन किंवा तीन असले तर ठिपका जगतो. एकच असला किंवा एकही नसला तर एकटेपणाने मरतो, चार झाले की गर्दीने. आणि मेलेल्या ठिपक्याभोवती बरोबर तीन जमले, की तो जिवंत होतो. बस्स, एवढंच. पण काकांना जणू वेदच सापडले. स्वतःही कथा लिहायला लागले. त्यांच्या कथांत परग्रहावरचे ठिपके कळव्याच्या खाडीत उतरायचे आणि ठाणे स्टेशनाबाहेर येताच गर्दीने मरायचे. दिवाळी अंकवाले कथा इमानेइतबारे परत पाठवायचे.

पुढे नाक्यावर कॉम्प्युटर क्लास निघाला. पडद्यावर तेच ठिपके हलताना पाहून काका तिथून हलेनात. शेवटी क्लासवाल्याने हात जोडले.

इथवर आम्ही हसत होतो. पण माझे बाबा गेले तेव्हा काकांनी कहर केला. दारातच उभे राहिले आणि तिघांच्या वर कुणाला आईजवळ बसू देईनात. टिटवाळ्याहून आलेल्या माझ्या सख्ख्या मामाला त्यांनी जिन्यात बसवलं. मला इतका संताप आला की बाबांच्या फोटोसमोरच मी त्यांना वाट्टेल ते बोललो. माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "मामांना आता पाठव. दोघं गेलेत."

तेरावा झाला आणि घर रिकामं झालं. आई खिडकीशी बसून होती. बोलेना, जेवेना. मला भीती वाटायला लागली की हीसुद्धा जाते.

चौदाव्या दिवशी सकाळी दार वाजलं. कर्णिककाकूंना घेऊन गुप्तेकाका उभे. मी पार ओशाळलो. ते दारातच हळू आवाजात म्हणाले, "आमची ही गेली तेव्हा तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चौदाव्या दिवशी कुणी आलं नाही. पंधराव्याही नाही." मग आत पाहून म्हणाले, "आम्ही दोघं, तिसरा तू. चल, बस."

आम्ही तिघं आईभोवती बसलो. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरून आत्या आली, तसे काका चपला शोधायला लागले. "चौथ्याने उठावं," स्वतःशीच म्हणाले.

"बसा, भावोजी."

मी दचकून पाहिलं. आई बोलली होती.

"घरी तुमच्याशेजारी कोण आहे?" ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

काकांनी सवयीने आम्हाला मोजलं. एक जास्तच होता. तरी ते बसले.