टोकोबा सुतारपक्ष्याची वेबसाइट

एका जंगलात, बाळांनो, एक टॉवर होता. सिंहही होता. पण सिंहाच्या गुहेत रेंज येत नसे, त्यामुळे हल्ली त्याला कोणी विचारत नाही आणि आपणही त्याला गोष्टीत घेणार नाही.

टॉवर आला तेव्हा जंगलात प्रत्येकाला एकेक फोन मिळाला. फोन कुठून आले, चार्ज कसे व्हायचे, असले प्रश्न विचारू नका. मध्येच प्रश्न विचारणाऱ्या मुलांना पुढची गोष्ट कळत नाही.

तर या जंगलात टोकोबा नावाचा एक सुतारपक्षी राहत होता. डोक्यावर लाल तुरा, मान ताठ, चोच धारदार. त्याचा धंदा ढोल्या कोरण्याचा. वठलेल्या झाडाच्या खोडात तो अशी गोल, कोरडी, हवेशीर ढोली कोरायचा की मैना, पोपट, पिंगळे सगळे त्याच्याकडूनच घर करून घ्यायचे. बदल्यात कोणी त्याला वाळवीचं खोड दाखवायचं, कोणी मुंग्यांची रांग. पोट भरत होतं आणि झोप लागत होती.

आता टोकोबाकडे गिऱ्हाईक कसं यायचं, ते ऐका. टोकोबा काम करायचा तेव्हा टकटक असा आवाज व्हायचा. तो रानभर जायचा. ज्याला घर हवं असेल तो त्या आवाजाच्या दिशेने उडत यायचा, समोरच्या फांदीवर बसून काम बघायचा आणि म्हणायचा, "टोकोबा, याच्यानंतर आमचं."

एवढंच. यापलीकडे टोकोबाने धंद्यासाठी कधी काही केलं नव्हतं.

सुतारपक्ष्यांची एक रीत असते. हंगामातली पहिली ढोली स्वतःची. झाड बायकोने पसंत करायचं, पहिले टोले नवऱ्याने मारायचे, मग दोघांनी आळीपाळीने कोरायचं आणि अंडी त्यात घालायची. पिल्लं उडाली की ती ढोली दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकायची. पुढच्या वर्षी पुन्हा नवी. जुन्या घरात अंडी घालत नाहीत.

टोकोबाची बायको गोजरा. तिने यंदा ओढ्याकाठचा वठलेला पांगारा पसंत केला होता.

"तोंड पूर्वेला ठेवा," ती म्हणाली. "पाऊस पश्चिमेकडून मारतो. गेल्या साली अंडी भिजता भिजता वाचली."

"पूर्वेला ठेवतो," टोकोबा म्हणाला आणि त्याने चार टोले हाणले.

तेवढ्यात सरडेसर आले.

सरडेसर मूळचे याच जंगलातले. मध्यंतरी शहरात एका मोठ्या कंपनीच्या कुंपणावर होते. "मी कंपनीत होतो," असं ते सांगत, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. त्यांची खासियत अशी की समोरचा बोलत असला की ते मान वरखाली, वरखाली करत राहायचे. त्यामुळे आपल्याला कोणीतरी समजून घेतंय असं समोरच्याला वाटायचं. शिवाय ज्याच्याकडे काम असेल त्याचाच रंग ते धरायचे. टोकोबासमोर बसल्या बसल्या त्यांचं डोकं लालभडक झालं.

"टोकोबाशेठ, तुमची वेबसाइट कुठाय?"

टोकोबाने मागे बघितलं. पुढे बघितलं. "इथेच कुठेतरी ठेवली होती," तो म्हणाला.

"नाहीये. मी शोधली. 'जवळची ढोली' असं शोधलं की समुद्राकाठचे खेकडे येतात. बिळं विकतात. तुमचं नाव पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, शेवटच्यावरसुद्धा नाही. म्हणजे, वाईट वाटून घेऊ नका शेठ, पण तुम्ही नाहीच."

टोकोबा घाबरला. आपण नाही आहोत हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"मग आता?"

"आता मी आहे ना," सरडेसर म्हणाले. "मोबदल्याचं मनावर घेऊ नका. तुमच्या झाडावरच्या मुंग्या तेवढ्या माझ्या."

इथे तुम्हाला वाटेल की आता सरडा टोकोबाला फसवणार. तसं काही नाही, बाळांनो. सरडेसर अगदी प्रामाणिक होते. त्यांनी जे जे कबूल केलं ते ते करून दाखवलं. सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

आधी फोटो झाले. पांगाऱ्याला बिलगून टोकोबा, उगवत्या सूर्याकडे बघताना टोकोबा, चोच किंचित उघडून हसताना टोकोबा. मग व्हिडिओ. टोकोबाने सवयीने टोला हाणला तसे सर ओरडले, "थांबा, थांबा! आवाज येतोय!"

"काम म्हटलं की आवाज येणारच."

"तोच तर काढायचाय. मागे बासरी टाकू. आणि व्हिडिओ रोज करायचेत, तेव्हा हे टकटक काही दिवस बंदच ठेवा."

टोकोबाने टकटक बंद ठेवली.

मग सरांनी त्याला शिकवलं की लोक जे शब्द शोधतात तेच शब्द आपल्या बोलण्यात सारखे आले पाहिजेत, म्हणजे आपण शोधात वर येतो. टोकोबा मन लावून शिकणारा पक्षी. त्याला ते इतकं अंगवळणी पडलं की एका सकाळी तो बायकोला म्हणाला, "गोजरा, उत्तम, टिकाऊ, हवेशीर ढोली शोधताय का, चहा झाला का?"

गोजराने पांगाऱ्याकडे चोच केली.

"अहो, पांगाऱ्याचं काय करताय?"

"करतो गं. एवढा ब्लॉग लिहून होऊ दे."

"कसला?"

"'ढोली निवडताना होणाऱ्या चुका.' लोकांना फार उपयोगी आहे."

"माझी अंडी ब्लॉगसाठी थांबायची नाहीत," गोजरा म्हणाली. तिचं पोट जड झालं होतं आणि उडताना तिला धाप लागत होती. टोकोबाला ते दिसलं. त्याला वाईटही वाटलं. त्याने मनाशी ठरवलं की उद्या सकाळी आधी पांगारा, मग बाकीचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वेबसाइट सुरू झाली.

आणि काय सांगू तुम्हाला! सरांचा शब्द खरा ठरला. 'ढोली' म्हटलं की पहिलं नाव टोकोबाचं. जंगलात जनावरं नाहीत एवढे त्याचे फॉलोअर झाले. वाळवंटातल्या उंटाने लाल बदाम पाठवला. एका देवमाशाने सगळे व्हिडिओ पाहिले. दक्षिण ध्रुवावरच्या पेंग्विनने लिहिलं, "अप्रतिम! आमच्याकडे झाड नसतं. तरी चालेल का?"

वेबसाइटवर आलेल्यांशी बोलायला सरांनी मिठू नावाचा पोपट बसवला होता. त्याला मोजकीच वाक्यं येत होती, पण ती तो न थकता म्हणायचा. त्याने पेंग्विनला सांगितलं, "धन्यवाद! आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधेल."

"सर, सगळं छान आहे," टोकोबा जरा चाचरत म्हणाला, "पण ढोली कोणीच मागत नाही."

सरांनी मान वरखाली केली. "आधी ओळख होते, मग विश्वास बसतो, मग ऑर्डर येते. आपण अजून ओळखीतच आहोत. घाई करू नका."

एक दिवस खरोखरीची मैना आणि तिचा नवरा येऊन फांदीवर बसले. अंगापिसांनी, दोन दोन पायांवर उभे.

"टोकोबा, हल्ली आवाज नाही कुठे? आम्हाला वाटलं तुम्ही गाव सोडलंत. आमची ढोली करायची होती."

टोकोबाच्या चोचीत शब्द आलेच होते की 'या, बसा.' पण सरांनी डोळे मोठे केले. समोरासमोर घेतलेलं काम कुठेच दिसत नाही, असं सरांनी त्याला शिकवलं होतं. टोकोबा म्हणाला, "वेबसाइटवर या ना. मिठूशी बोला."

"अहो, पण तुम्ही इथे आहात, आम्ही इथे आहोत."

"तरी पण."

मैना-मैनोबा गेले ते पलीकडच्या जांभळीवर टुकटुक करणाऱ्या म्हाताऱ्या तांबट पक्ष्याकडे गेले. त्याची कामं टोकोबाइतकी सुबक नसायची, पण तो आवाजावरून सापडायचा.

मग सरांनी जुन्या गिऱ्हाइकांकडून अभिप्राय मागवले. पिंगळ्याने दोन तारे दिले आणि लिहिलं, "दुपारी आत उजेड येतो." धामणीने मात्र पाचच्या पाच तारे दिले. "फार छान ढोल्या. शिरायला सोप्या. आतली मंडळी तर अतिशय रुचकर. मी पुन्हा पुन्हा येते."

"पाच तारे!" सर हरखले. त्यांनी धामणीचा अभिप्राय वेबसाइटवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लावला. त्या दिवसापासून पक्षी तिकडे फिरकेनात.

टोकोबा वाळत चालला. सुतारपक्ष्याचं जेवण खोडातच असतं. टोले मारले तर अळी मिळणार. टोले बंद, तर जेवण बंद. झाडावरच्या मुंग्या तर कराराप्रमाणे सरांच्या. सरडेसर चांगले गुबगुबीत झाले होते. बोलवलं की यायला त्यांना वेळ लागायला लागला.

आणि एका सकाळी मिठू किंचाळला, "गिऱ्हाईक! गिऱ्हाईक!"

टोकोबा आणि सर फोनवर वाकले. कोणीतरी खरंच लिहीत होतं.

"ढोली हवी आहे."

"नमस्कार! मी मिठू. ढोली कशासाठी हवी आहे?"

"अंड्यांसाठी."

"अभिनंदन! कधीपर्यंत हवी आहे?"

"आज."

टोकोबाचा तुरा उभा राहिला. "सर, ऑर्डर! आली बघा ऑर्डर!" सरांची मान थांबेना.

"कोणत्या झाडावर?"

"ओढ्याकाठी. वठलेला पांगारा. तोंड पूर्वेला."

टोकोबा म्हणाला, "हे झाड आपल्याला माहीत आहे. हे तर अगदी जवळ आहे." आणि बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला.

मिठूचं चालूच होतं. "आपल्याला आमच्याबद्दल कुठून कळलं?"

"लग्न झालंय आमचं."

"छान! आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधेल."

टोकोबाने मान वर केली. पलीकडे पांगाऱ्यावर गोजरा बसली होती. तिच्या शेजारी खोडावर त्याने मारलेल्या चार टोल्यांच्या खुणा होत्या. चारच. तिने फोन ओढ्यात टाकला, शेपटी खोडाला टेकवली आणि त्या जड अंगाने एकटीच कोरायला लागली.

टक. टक. टक.

टोकोबाला फार लाज वाटली. देवमाशाला आपला धंदा कळला आणि बायकोला आपल्याकडून ढोली मिळाली नाही, हे त्याला पहिल्यांदा कळलं, आणि कळलं तसा तो उडाला.

"गोजरा, सरक जरा."

ती सरकली नाही.

"अगं, चुकलं माझं. सरक ना. तू दमलीस."

गोजराने चोचीतला भुसा त्याच्या अंगावर थुंकला आणि मग सरकली. "पूर्वेला," ती म्हणाली.

टोकोबाची चोच बोथट झाली होती. पहिल्या टोल्याला त्याच्या मानेतून कळ गेली. तिसऱ्या टोल्याला एक लठ्ठ अळी निघाली. ती त्याने गोजराला दिली. पुढची मात्र स्वतः खाल्ली, आणि जेवण म्हणजे काय असतं ते त्याला आठवलं. मग दोघं आळीपाळीने कोरत राहिले. शेवटचा भुसा बाहेर पडला तशी गोजरा आत शिरली आणि बाहेर आलीच नाही. अंडी कोरड्यात पडली. बाळांनो, मी ही गोष्ट कितीदा तरी सांगितली आहे, पण इथे आल्यावर मला दर वेळी हायसं वाटतं.

टकटक रानभर गेली होती. सगळ्यात आधी पिंगळा आला. "टोकोबा, याच्यानंतर माझं. दुपारचा उजेड मात्र येऊ देऊ नका." मग पोपटांची जोडी आली. मग मैना आली, तांबटाने कोरलेल्या ढोलीत शेपटी मावत नाही असं सांगत. धामणही आली होती. तिला मात्र सगळ्यांनी मिळून हाकललं.

टोकोबाने पिंगळ्याची ढोली कोरायला घेतली, तेव्हा फांदीवरून सरडेसर उतरत आले. डोकं लालभडक.

"बघितलंत शेठ? मी म्हणालो होतो. परिणाम दिसायला थोडा वेळ लागतो. ओळख झाली, विश्वास बसला, ऑर्डर आली."

टोकोबा कामात होता. चोचीत भुसा भरला होता.

"आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात ना?" सरांनी फोन समोर धरून विचारलं.

आता तुम्हीच सांगा, काम करताना सुतारपक्ष्याची मान कशी हलते? वरखाली, वरखाली.

सरांनी तो व्हिडिओ घेतला. आवाज काढला, मागे बासरी टाकली आणि खाली लिहिलं, 'टोकोबाशेठ म्हणतात: होय, होय, होय!' बघता बघता जंगलातल्या प्रत्येकाने सरांना कामाला लावलं. सुगरणीचं घरटं अर्धवट लटकतंय, पण वेबसाइट पूर्ण आहे. मधमाश्या फुलांकडे न जाता फुलांचे फोटो टाकतायत. सरांना आता सगळ्या झाडांवरच्या मुंग्या मिळतात आणि त्यांना चालवत नाही.

टोकोबाची वेबसाइटही अजून आहे. ती बंद कशी करायची हे त्याला कोणी शिकवलं नाही. पेंग्विन अधूनमधून विचारतो, झाड नसलं तर खरंच चालेल का. मिठू त्याला सांगतो की आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल. प्रतिनिधी पांगाऱ्यावर अंडी उबवत बसलेला असतो, कारण गोजरा जेवायला गेलेली असते.

तात्पर्य, तेवढं लिहून घ्या: नेहमी मन लावून, कष्टाने आपलं काम करावं. त्याने आपल्या मार्केटिंग सल्लागाराचं फार नाव होतं.