भरलेली काळी-पिवळी

प्रवासात माझं डोकं फार चालतं. (हे मत घरात माझ्या एकट्याचंच आहे.)

त्या सकाळी पारोळ्याहून मेहुण्याचा, योगराजचा, फोन आला. "दाजी, ताईला घेऊन या. आबांचं काही खरं नाही. सारखं तिचं नाव घेताहेत." आबा म्हणजे माझे सासरे. ज्योत्स्नाने गॅस बंद केला आणि अंगावरच्या साडीनिशीच निघाली.

जळगावच्या स्टँडवर पारोळ्याची एसटी उभी होती. ज्योत्स्ना पायरीवर चढलीसुद्धा. मी तिला खाली उतरवलं.

"अगं, ही गावोगाव थांबत जाणार! बाहेर काळी-पिवळी जीप भरलीये, दोनच शीट बाकी. बसलो की निघाली!"

भरल्याशिवाय काळी-पिवळी हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी तर भरलेलीच शोधली होती. बसल्या बसल्या योगराजला कळवूनही टाकलं, "काळी-पिवळीत बसलो, पोचलोच समज."

समोरून एसटी गेली. मी तिला टाटा केला. (आठवलं की तो हात आजही तोडून टाकावासा वाटतो.)

तेवढ्यात तीन प्रवासी आले, आणि आमच्यातले तिघं उतरले. आणखी दोघं चढले, दोघं उतरले. मग शेजारचा म्हाताराही उठला, त्याच्यामागे आणखी तिघं.

"भाऊ, तुम्हाला जायचं नाही?"

"आमले कोठे जानं शे? गाडी भरेल दिसाले पाहिजे, म्हनीसन बठतस आम्ही." तो चहाला निघून गेला.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आता खरी चारच शीटं राहिली."

पुढची एसटी थेट दुपारी होती. ज्योत्स्ना भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पदराचं टोक पिळत रस्त्याकडे बघत बसली. मला रडू येत होतं, पण तेवढाही हक्क मला उरला नव्हता.

पारोळ्याला पोचल्यावर कळलं, आम्ही वाटेत एरंडोल सोडलं तेव्हाच आबा गेले होते. ज्योत्स्ना त्यांच्या पायांवर कोसळली. मी दारातच उभा राहिलो.

योगराज डोळे पुसत तिला सांगत होता. आबांनी शेवटी विचारलं होतं, "ज्योत्स्ना निंघनी का?"

"निंघनी, आबा."

"कसामा?"

"काळी-पिवळीमा. दाजी संगे शेतस."

"मंग वाट देखामा काही अर्थ नही," म्हणत आबा हसले, आणि त्यांनी डोळे मिटले.