दाराचं माप

ती शाळेत भूगोल शिकवायची, तो सुतार. सात वर्षं एका घरात राहून दोघं लग्नाशिवायच वेगळी झाली. भांडी, पुस्तकं, टॉर्चसुद्धा तासाभरात वाटून झाली. घोडं अडलं ते आतल्या खोलीतल्या कपाटापाशी.

लाकूड तिचं. वडिलांचं दुकान बंद झालं तेव्हा तिथलं काउंटर तिने घरी आणलं होतं. एका फळीवर त्यांच्या दौतीचा डाग अजून होता. मेहनत त्याची. सलग चौदा रविवार त्याने त्याच खोलीत बसून त्यातून कपाट केलं. गिऱ्हाइकासाठी नाही अशी ती त्याच्या हातची एकच वस्तू. कपाट दोघांनाही हवं होतं.

निवाड्याला तिचे मामा आले, कोर्टातले निवृत्त कारकून. नवरा-बायको असतात तर मार्ग होता, तुमच्या नात्याला माझ्याकडे रकानाच नाही, असं त्यांनी दोघांना सुनावलं. सात वर्षं ते त्याला जावईबापू म्हणत आले होते. आज ‘अहो सुतार’ म्हणायचं ठरवून आले होते आणि दर वाक्याला अडखळत होते.

बऱ्याच विचारानंतर निकाल लागला: कपाट त्याने न्यावं, तिला तसंच दुसरं करून द्यावं.  ती कपाटातले कपडे काढून पलंगावर रचू लागली. खालचा खण जरा उचलून ओढावा लागे. तिने तो न बघताच उचलून ओढला. त्याने मान फिरवली.

मग दोघांनी कपाट दारापर्यंत आणलं. उभं, आडवं, तिरकं, कसंही धरलं तरी चार बोटं जास्तच भरत होतं.

“खोला मग,” मामा म्हणाले.

“खुलत नाही. एकही स्क्रू नाही त्यात, सगळ्या लाकडी खुंट्या.”

“मग एक बाजू कापा.”

“नाही,” दोघं एकदम म्हणाली. सकाळपासूनचं ते पहिलं एकमत.

तेव्हा चौकटच काढायचं ठरलं. सुताराने ती काढली, थोडी भिंतही आली, पण कपाट बाहेरच्या खोलीत पोचलं. मुख्य दार आतल्या दारापेक्षा तीन बोटं मोठं होतं. मामा अनवाणीच जिन्यात जाऊन दिशा सांगू लागले. उरलेल्या एका बोटासाठी आतून दोघांनी जोर लावला आणि कपाट दारात पाचरीसारखं बसलं. ना आत, ना बाहेर. मामा जिन्यात, ही दोघं घरात.

“दिसतंय का काही, मामा?” तिने विचारलं.

“पाठ दिसतेय. पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय.”

ती पाठ इतकी वर्षं भिंतीकडे होती. राहू द्या ते, असं सुतार घाईने म्हणाला. पण समोर आलेला कागद वाचायचाच, ही मामांची चाळीस वर्षांची सवय होती. त्यांनी कोर्टातल्या आवाजात वाचायला घेतलं.

“वरचा कप्पा, तिचा हात पोचेल इतपत. लांब कोट, खाली टेकू नये. शाळेचे नकाशे दुमडायचे नाहीत म्हणते, म्हणून चार बोटं जास्त खोल.” मामा थांबले. “बाकी सगळी मापं आहेत. दाराचं नाही.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “दार का नाही मोजलंस?”

“कपाट बाहेर न्यायचंय, असं कुठे ठरलं होतं तेव्हा?”



“आतली चौकट परत बसवायला किती दिवस लागतील?” तिने विचारलं.

“भिंतही लिंपायची आहे. घाई केली तर तीन.”

“आणि नाही केली तर?”

 तो कपाट आत ओढायला लागला; तिने दुसरी बाजू धरली.

“जावईबापू,” कपाटामागून आवाज आला, अजिबात न अडखळता, “तुमचं चालू द्या सावकाश. माझ्या चपला तेवढ्या वरून टाका.”