खोकून बघायची घरं

चित्र बघायच्या आधी खोकायला लावणारा माणूस आमच्या भालकीत एकच, शरणप्पा मास्तर.

"आधी खोका," म्हणायचे. "परक्याच्या दारात उभं राहायलाव. आत बायामाणसं असतील."

दार कागदावरचं, तेही जपानातलं! मास्तरांचा गौतम नावाचा जुना विद्यार्थी बौद्ध मंडळींबरोबर तिकडची बुद्धाची देवळं बघायला गेला होता. येताना आपल्या चित्रकलेच्या मास्तरांसाठी चार चित्रं घेऊन आला. खेड्यातल्या शेतकऱ्यांची घरं, गवताची जाड, उतरती छपरं, सगळं नुसत्या काळ्या शाईत. मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघा ओरखडायच्या, पत्रा तेजाबात बुडवायचा, मग खाचांत शाई भरून कागद दाबायचा. हे मास्तरांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतसुद्धा पत्रा बुडवला असता. "रंग कामून भरला न्हाई?" असं विचारणाऱ्याला त्या घरात चहा मिळत नसे.

चारही चित्रांत माणूस एक नाही. मास्तरांना मात्र आतली सगळी ठाऊक.

"ही म्हातारी भाकरी थापायलीय बघा."

"अण्णा, जपानात भात खातात," मी म्हणायचो.

"मग भात टाकलाय तिनं. तुम्हाला काय करायचंय?"

मला खरंच काही करायचं नव्हतं. पण त्यांची एकुलती एक, आईविना वाढलेली महानंदा लग्नाला आली, आणि स्थळं आणायचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर शाळेत माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीशेजारी! एसटीचे धक्के खात मी मुलं शोधायची, आणि मास्तरांनी त्यांना पोह्यांच्या आधी चित्रांपुढं उभं करायचं. न खोकता बघितलं की नापास.

उदगीरचा बँकेतला मुलगा म्हणाला, "झोपड्या दिसतात. आमच्याकडं स्लॅब आहे." गेला. खटकचिंचोळीच्या मुलानं चित्राला नाक लावलं. "दुसऱ्याच्या घरात डोकावतंय, ह्याला काय पोरगी द्यायची?" तोही गेला. मी अगदी मेटाकुटीला आलो.

एक दिवस महानंदा आमच्या घरी येऊन रडली. "काका, अण्णा मला कुठंच देणार न्हाईत. माझ्यासंगटच्या पोरींची लेकरं शाळंत जायलीत."

मग मात्र मी नौबादच्या मुलाला एसटी स्टँडवरच गाठलं. "चित्रं दाखवली की आधी खोकायचं. कामून, ते विचारू नकोस."

पोरगं प्रामाणिक. असं खोकलं, असं खोकलं, की आतून पाण्याचा तांब्या आला. पाठोपाठ दाराआड कुणीतरी खुदकन हसलं. मास्तर दाराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पोरगं चांगलं हाय."

लग्न झालं. शाळेतून मागून आणलेल्या सतरंज्या गोळा करायला मी गेलो, तर मास्तर वसरीवर एकटेच बसलेले.

"गुरुजी, खोकायला तुम्हीच शिकवलं न्हवं?"

"व्हय, अण्णा. थकलो होतो मी."

"तवाच कळलं मला. दारात एवढं कोण खोकतंय?"

"मग पास कामून केलं?"

त्यांनी सतरंजीचं टोक धरलं, मला घडी घालायला मदत करू लागले.

"नंदी हसली आतून. तिची माय गेल्यापासनं ह्या घरात असं कुणी हसलं न्हवतं. मग कुठवर नापास करू? पोरं वाईट न्हवती हो एकबी. पण कुणीबी पास झालं की ती जाणार. लई भ्या वाटायचं."

त्यांच्यावर वर्षभर चिडलो होतो, आणि आता दोघं मिळून घड्या घालत होतो. सतरंज्या काखोटीला मारून मी चपला पायात घातल्या.

"गुरुजी," मास्तर मागून म्हणाले, "आता स्थळ आणायचं न्हाई म्हणून येणं सोडू नका. असंच, बिनकामाचं, येत जावा."

मी सतरंज्या खाली ठेवल्या आणि चपला काढल्या.