झाकण उघडायचं नाही

"गॅस बंद! ठीक!"

उजवा हात सरळ पुढे, तर्जनी गॅसच्या बटणावर रोखलेली, आवाज फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. कुरोइवासान रेल्वेच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. पण जे तपासायचं ते बोट दाखवून तपासायचं आणि मोठ्याने म्हणायचं, ही नोकरीतली सवय काही निवृत्त झाली नव्हती. दाराचं कुलूप, छत्री, तोंडातली कवळी, सगळ्यांना बोट दाखवून झाल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. स्वयंपाकघर तेवढं आजवर त्यांच्या तावडीतून सुटलं होतं. तिथे सुमिएचं राज्य होतं, आणि सुमिए खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे गावच्या इस्पितळात पडून होती.

त्या गुरुवारी दुपारी इस्पितळात मुलीने, मिहोकोने, विषय काढला. ती नागोयाहून खास त्यासाठीच आली होती.

"आई सोमवारी घरी येणार. तीन महिने ओट्याशी उभं राहायचं नाही, असं डॉक्टर म्हणालेत. मग जेवायला कोण घालणार?"

"मी," कुरोइवासान म्हणाले.

"बाबा, चहाची पत्ती कुठल्या डब्यात असते हे तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"शोधीन."

"नका शोधू. दोघंही नागोयाला चला. आमच्याकडे खोली रिकामी आहे. ते घर बंद करून टाकू."

त्या घराच्या मागच्या खिडकीतून एकेरी रूळ दिसत. रोज सकाळची दहा वाजून बारा मिनिटांची गाडी ते त्या खिडकीतून बघत आणि तिला बोट दाखवून "वेळेवर!" म्हणत. मिहोकोच्या चौदाव्या मजल्यावरून काय दिसायचं? समोरचा चौदावा मजला. तिथे बोट दाखवावं असं काही नव्हतंच.

"रविवारी ये," ते म्हणाले. "माझ्या हातचं जेव. मग काय ते बोल."

"काय करणार? उकडलेली अंडी?"

"सोयाबीन-कोंबडी."

खाटेवरून सुमिएला एकदम ठसका लागला. "अहो, ते नको. ते फार कटकटीचं असतं. तुम्ही आपलं आमलेट करा."

"कटकटीचं? दर गुरुवारी तू करतेसच की!"

ते खरंच होतं. त्या घरात दर गुरुवारी सोयाबीन-कोंबडी असे. दाणे मऊ पण अख्खे, कोंबडीचे बारीक तुकडे, थोडं गाजर. तिखट नाही, खारट नाही, गोडही नाही. जिभेला काही सांगायला न येणारी आणि तरीही दुसरी वाटी मागायला लावणारी चव. कुरोइवासान ती वाटी हातात घेऊन नेहमी म्हणत, "ही खरी चव. शेजारच्या ओबाताला हे जन्मात कळायचं नाही." ओबाताशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. भिंतीवरून आलेली त्याच्या जर्दाळूची एक फांदी कुरोइवासाननी तोडली होती, एवढंच कारण. पण दोघंही हट्टी असले की एवढंच पुरतं.

"किती सोयाबीन भिजवू ते सांग," त्यांनी विचारलं.

"एक वाटी," सुमिए म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला कळ आली असेल, असं त्यांना वाटलं.

घरी येऊन त्यांनी लोणच्याची छोटी बादली घेतली आणि तिच्यात एक वाटी सोयाबीन टाकलं. बादलीचा तळसुद्धा झाकला नाही. इथे घर जायची वेळ आलीये आणि ही बाई वाटीच्या गोष्टी करते! त्यांनी दुसरी वाटी टाकली, तिसरी टाकली. नंतर वाटी बाजूला ठेवून तीन किलोची पिशवीच उपडी केली. बादली अर्ध्याच्या वर भरली, तेव्हा त्यांना जरा समाधान वाटलं. काठोकाठ पाणी ओतून, वर झाकण ठेवून, त्यांनी बोट दाखवलं. "सोयाबीन! ठीक!"

सकाळी झाकण फ्रिजपाशी होतं. बादलीवर दाण्यांचा डोंगर उभा राहिला होता आणि ओट्यापासून दारापर्यंत दाणे पसरले होते. भिजलं की फुगतं हे त्यांना माहीत होतं. इतकं बेशरमपणे फुगतं हे माहीत नव्हतं. त्यात जुलैचा उकाडा. दुपारपर्यंत शिजवलं नाही तर सगळं आंबणार होतं.

दुसरा कोणी असता तर त्याने निम्मं फेकून दिलं असतं. कुरोइवासाननी बाह्या वर केल्या. मोठं पातेलं, लहान पातेलं, भाताचा कुकर, किटली, जे जे पोकळ होतं ते ते त्यांनी भरलं. सोयाबीनला उकळी आली की फेस येतो, हेही त्यांना तेव्हाच कळलं. पहिल्या पातेल्याला बोट दाखवून "फेस!" म्हणेपर्यंत दुसरं उतू जाई, आणि दुसऱ्याकडे वळेपर्यंत किटलीच्या तोंडातून दाणे बाहेर येत. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे सात किलो उकडलेलं सोयाबीन होतं, आणि कोंबडी चारशे ग्रॅम.

त्यांनी सगळी कोंबडी आणि चार मुठी दाणे एका पातेल्यात घातले आणि उरलेले दाणे सुमिएच्या कपाटातल्या डब्यांत भरून गल्लीत वाटायला निघाले. सहा घरी सहा डबे दिले.

"अय्या, तुम्ही स्वतः?" हाशिबाकाकू दारात म्हणाल्या. "सुमिएसान कशी आहे?"

"सुधारतेय. हे घ्या सोयाबीन."

"एवढं?"

"घ्या हो. शरीराला चांगलं असतं."

घरी आले तर एक डबा भरलेला शिल्लक होता, आणि गल्लीत शिल्लक होतं फक्त ओबाताचं घर. अन्न टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं आणि ओबाताचं दार वाजवणंही. त्यांनी डबा दोन घरांमधल्या भिंतीवर ठेवला आणि पलीकडे ऐकू जाईल एवढ्या जोरात म्हणाले, "डबा! ठीक!" मग पाठ फिरवून आत गेले.

आता खरं काम होतं. पातेलं उकळत होतं. त्यांनी चमचाभर तोंडात टाकलं. पाणी. त्यांनी सोया सॉस घातला. पुन्हा चाखलं. किंचित रंगाचं पाणी. पुन्हा सॉस, थोडी साखर, पुन्हा सॉस. दर दोन मिनिटांनी झाकण निघत होतं, बोट दाखवलं जात होतं आणि "चव! नाही!" असा पुकारा होत होता. शेवटी बाटली रिकामी झाली तेव्हा कुठे उकळत्या रसाला काहीतरी चव लागल्यासारखं वाटलं. "चव! ठीक!" त्यांनी जाहीर केलं आणि विजयी मनाने गॅस बंद केला.

शनिवारी डबे परत येऊ लागले. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही त्या गल्लीची रीत, आणि किलोकिलोभर सोयाबीनचं करायचं काय हा प्रश्न सगळ्याच घरांत पडलेला. हाशिबाकाकूंनी त्यात मुळा घातला होता. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या बायकोने वाटून वड्या तळल्या होत्या. कोणी समुद्री शेवाळात शिजवलं होतं, कोणी व्हिनेगरमध्ये बुडवलं होतं. कुरोइवासान प्रत्येकीला वाकून आभार मानत होते आणि त्यांचंच सोयाबीन वेष पालटून फ्रिजमध्ये परत जात होतं. दोघींनी तर स्वतःच्या मोठ्या डब्यात आणलं होतं; म्हणजे ते डबे आता यांनी भरून परत करायचे होते.

रविवारी सकाळी भिंतीवर सातवा डबा होता. ओबाताचा स्वतःचा, निळ्या फडक्यात बांधलेला, अजून कोमट. कुरोइवासाननी तो न उघडता फ्रिजमध्ये सगळ्यात मागे ढकलला.

साडेअकराला मिहोको आली. कुरोइवासाननी फ्रिजमधून पातेलं काढून गार सोयाबीन-कोंबडी वाढलं. दाणे काळेभोर झाले होते. मिहोकोने एक घास घेतला. चेहरा हलला नाही. पोरगी बापावर गेली होती. तिने घास गिळला आणि हळूच म्हणाली, "बाबा, पाणी."

दोन ग्लास झाले.

"परवा चव बरोबर होती," कुरोइवासान म्हणाले. त्यांनी स्वतः एक दाणा खाल्ला आणि तेही उठून पाण्याकडे गेले.

"अजून पाणी आहे का गार?" म्हणत मिहोकोने फ्रिज उघडला. "हे काय? एवढे डबे?" बिचारी पहाटेपासून उपाशी होती. मागचं निळं फडकं तिने सोडलं, एक दाणा तोंडात टाकला आणि फ्रिजचं दार उघडंच टाकून तशीच उभी राहिली. मग दुसरा घास, तिसरा.

"बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "ही तर आईच्या हातची चव. अगदी हीच. तुम्ही केलंत? मग ते काळं कशाला वाढलंत मला?"

एक "हो" म्हटलं की घर वाचत होतं. खिडकी, रूळ, दहा बाराची गाडी, सगळं त्या एका अक्षरात होतं. कुरोइवासानचं तोंड उघडलंही. पण चाळीस वर्षांत त्यांनी लाल दिव्याला कधी हिरवा म्हटलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि बोट भिंतीकडे वळलं.

"ओबाता!" ते ओरडले. "ठीक" मात्र त्यांच्याच्याने म्हणवलं नाही.

मिहोकोने इस्पितळात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "आई, ओबाताकाकांच्या हाताला तुझी चव कशी काय?"

"कळलं का अखेर?" सुमिए म्हणाली. " अगं, त्यांच्या हाताला माझी नाही. एकतीस वर्षं दर गुरुवारी ते सोयाबीन-कोंबडी देतात आणि मी त्यांना लोणची देते. शाळेच्या मुदपाकखान्यात होते ते, तीनशे पोरांसाठी शिजवायचे. मला ते कधी जमलंच नाही. चार वेळा करून बघितलं, चारही वेळा करपलं."

"एकतीस वर्षं!" कुरोइवासान फोनवर ओरडले. "आणि अकरा वर्षं आमचं बोलणं नाही, त्याचं काय?"

"तुमचं नव्हतं. माझं कुठे बंद होतं? तुमच्या भांडणापायी मी काय गुरुवारी उपाशी राहू?"

मिहोको खाली बसली. "म्हणजे बाबांनाही येत नाही आणि आईलाही येत नाही. चला, दोघंही चला नागोयाला."

"एक महिना," कुरोइवासान म्हणाले. "एक महिना दे. तोवर गल्लीतले डबे आहेत. एका महिन्यात नाही जमलं तर मी स्वतः घराला कुलूप लावीन."

ती काही बोलायच्या आत त्यांनी ओबाताचा डबा रिकामा करून धुतला. पण रिकामा नेता येत नव्हता. घरात स्वतःचं असं एकच काही होतं. त्यांनी डब्यात ते काळं सोयाबीन भरलं आणि अकरा वर्षांनी ओबाताचं दार वाजवलं.

ओबाताने डबा घेतला आणि एक दाणा खाल्ला. "उकळताना चाखलंस?"

"मग केव्हा चाखायचं?"

"गरम असताना चव लागतच नाही, शहाण्या. गार होताना ती दाण्यात उतरते. सॉस दोन चमचे, गॅस बंद, आणि दोन तास हात लावायचा नाही. उद्या नऊला ये. एक वाटी आण. बादली नको."

"बादलीचं तुला कोणी सांगितलं?"

"गल्लीला सोयाबीन खाऊन खाऊन अपचन झालंय. सांगायला कशाला हवं कोणी?"

महिनाभर कुरोइवासान रोज नऊला एक वाटी घेऊन जात. भिजवणं, कापणं, फेस काढणं, सगळं भराभर आलं. जीव गेला तो शेवटच्या दोन तासांत. त्यांचा हात झाकणाकडे वळला की ओबाता खेकसे, "काय बघायचंय?" "चव." "ती काय पळून जातेय?" शेवटी कुरोइवासान हात मांड्यांखाली दाबून बसायला शिकले. जन्मात एवढं कठीण काम त्यांनी केलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मिहोको आली. सुमिए काठी घेऊन टेबलाशी बसली होती. कुरोइवासाननी वाढलं. मिहोकोने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"बाबा, तुम्ही कधी खोटं बोलत नाही म्हणून मी महिना दिला होता. हे ओबाताकाकांचं आहे."

"माझं आहे!"

"आई, तू सांग."

सुमिएचं तोंड भरलेलं होतं. ती दुसरी वाटी घेत होती.

कुरोइवासान रागाने लाल झाले आणि त्याच वेळी त्यांना हसूही फुटत होतं. दोन्ही एका चेहऱ्यावर मावेना. त्यांनी खिडकीतून हाक मारली, "ओबाता! ये जरा इकडे! साक्ष द्यायला!"

ओबाता आला. त्याने वाटीत बघितलं, चाखलंही नाही. "माझं नाही हे."

"कशावरून?" मिहोकोने विचारलं.

"गाजर बघ. सगळे तुकडे एका मापाचे. पट्टी लावून कापलंय त्याने. मी बापडा माणसासारखा कापतो." मग तो टेबलाशी बसला. "मलाही वाढ रे थोडं. आणि सुमिएसान, लोणचं आहे का?"

मागून रुळांवर धडधड झाली. कुरोइवासान खिडकीशी गेले, पण गाडीकडे न बघता आत वळले. उजवा हात सरळ पुढे झाला आणि बोट छपरापासून ओट्यापर्यंत फिरलं.

"घर!" ते म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द त्यांचा नव्हता.

मिहोकोने बापाकडे बघितलं, मग आईच्या रिकाम्या होत आलेल्या वाटीकडे.

"ठीक," ती म्हणाली आणि आपली वाटी पुढे केली.