आवाज हवा का, हो की नाही

आमच्या घरात एक नियम आहे. जी वस्तू वर्षभरात वापरली नाही, ती घरात ठेवायची नाही. नियम बायकोचा, वस्तू बहुधा माझ्या. (माझी वायरींची पेटी याच नियमाने गेली. तिचा दुखवटा मी अजून पाळतोय.) तर आमचा जुना लॅपटॉप या नियमात सापडू नये, म्हणून मी त्याला जरा पळता करायचं ठरवलं. एवढंच ठरवलं होतं हो!

लॅपटॉप आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातला. तेव्हा आम्ही त्याला टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवायचो आणि हात धुऊन उघडायचो. माझे सासरे घड्याळजी. त्यांनी डोळ्याला भिंग लावून तो चारी बाजूंनी पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "याला किल्ली कुठून देतात?" ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. आता सासरे नाहीत, आणि लॅपटॉप सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की मी बटण दाबून दाढी करून यायचो.

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याने उपाय सांगितला. "साहेब, तुमच्या लॅपटॉपात लिनक्स ही सिस्टिम आहे ना? त्याचा कर्नल म्हणजे आतला कारभारी. तो जगातल्या सगळ्या लॅपटॉपांचं सामान डोक्यावर घेऊन फिरतो. तुमच्या लॅपटॉपपुरता नवा बनवा, पळायला लागेल." सगळी सामग्री त्याने सीडीवर भरून दिली आणि बजावलं, "जुना कर्नल मात्र आठ दिवस काढू नका, काही अडलं तर तोच कामाला येईल."

कर्नल बनवायच्या आधी मशीन प्रश्न विचारतं. हे हवं का? हो की नाही? ते हवं का? असे शेकडो प्रश्न. तिसाव्या प्रश्नाला मी घामाघूम झालो आणि एकदम बायकोचा नियम आठवला. ती शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, वर्षभरात आपण लॅपटॉपवर इंटरनेट वापरलंय?"

"फोन असताना कशाला?"

"पेन ड्राइव्ह?"

"तो तुम्हीच हरवलात."

"आणि आवाज? काही ऐकलंय यावर?"

"कुणाचा?"

"कुणाचाही."

"नाही बाई. अहो, किती प्रश्न विचारता!"

मी तिन्हीला 'नाही' म्हटलं. पाच तासांत नवा कर्नल तयार झाला. लॅपटॉप काय पळायला लागला म्हणता! त्या भरात मी जुना कर्नल पुसूनही टाकला. (आठ दिवस थांबायला तो काय लोणी आहे, मुरायला? असं मी स्वतःलाच म्हटल्याचं आठवतं. लोणी मुरत नाही, हेही नंतर आठवलं.)

शनिवारी दुपारी बायको लॅपटॉप घेऊन बसली. "उद्या बाबांना नव्वद झाली असती. दादा-वहिनी येणार आहेत पाच वाजता. बाबांचा आवाज लावायचाय. ते नाही का, आपण त्यांच्या दुकानात यावर रेकॉर्ड केलेलं."

सासऱ्यांचा आवाज जगात त्या एका सहा मिनिटांच्या फाइलमध्येच होता.

तिने फाइल लावली. पडद्यावर रेघ पुढे सरकत राहिली. आवाज नाही.

"वाजत का नाही?"

मी खरं ते सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "बाबांना पण 'नाही' म्हणालात?"

मी तिथेच सगळं पुन्हा मांडलं. या वेळी ती शेजारी बसली आणि प्रत्येक प्रश्नाला तिनेच उत्तर दिलं : हो. जगात कुठेही नसतील अशा यंत्रांनासुद्धा हो. म्हणून रविवारी पाच वाजले, दादा-वहिनी आले, तरी कर्नल शिजतच होता. लॅपटॉप इतका तापला की घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्यासमोर लावला होता आणि पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेत होते.

"पेन ड्राइव्हवर घ्या ना, माझ्या फोनवर लावू," दादा म्हणाले.

"पेन ड्राइव्हला पण नाही म्हणालेत ते," बायको म्हणाली.

"मग इंटरनेटने पाठवा."

"त्यालाही."

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून पंखा सरळ केला. तो सरळच होता.

साडेसहाला काम संपलं. मी लॅपटॉप बंद करून सुरू केला. (दाढी करून येण्याएवढा वेळ लागला. पूर्वीपेक्षा थोडा जास्तच.) बायकोने फाइल लावली आणि खोलीत एकदम वीस-पंचवीस घड्याळं टिकटिकायला लागली. मग सासरे खाकरले. बायकोने माझा हात घट्ट धरला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

सासरे जुन्या घड्याळांबद्दल छान बोलत होते. पाचव्या मिनिटाला मागून एक तरुण, उत्साही आवाज आला. "बाबा, हे घड्याळ मी सहज उघडून पाहिलं. आता चालत नाहीये." तो आवाज माझा होता.

सासरे शांतपणे म्हणाले, "बाळ, नवरा चांगला आहे तुझा. फक्त चालू वस्तू त्याच्या हाताला लागू देऊ नकोस."

दादा पोट धरून हसले. बायको रडता रडता हसली आणि तेवढाच तुकडा तिने चार वेळा लावला.

शेवटच्या वेळी तिने तो आपल्या फोनवर रेकॉर्ड करून घेतलाही. तेव्हापासून मी ऑफिसातून घरी फोन केला, की तिच्या फोनवर घंटीऐवजी सासरे बोलतात.