स्वेटरच्या आतलं गवत

माणसाने काडेपेटीवर किती दिवस अवलंबून राहायचं, असा प्रश्न मला एका गारठलेल्या सकाळी पडला आणि तिथेच सगळं बिनसलं. (मी पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून आहे. तिथे फायलीसुद्धा पेट घेत नाहीत.) नुसत्या सुरीवर नि दोरीवर रानात निभावणाऱ्यांचे व्हिडिओ बघता बघता आमची बाल्कनी ताडपत्री, दोरांची वेटोळी आणि वाळक्या लाकडांनी भरली. कपडे वाळत घालायला जागा उरली नाही, तेव्हा बायकोने निकाल दिला.

"रविवारी तळ्याकाठी जायचं. काडी न ओढता जाळ करायचा आणि त्यावर मला चहा करून द्यायचा. जमलं तर सामान राहील. नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल."

"अगं, पण थंडी किती आहे!"

"मग? तुमचे ते व्हिडिओतले लोक काय पंख्याखाली बसतात?"

माझा सगळा संसार (म्हणजे बाल्कनीतला) पणाला लागला होता.

थंडीत खरा वैरी म्हणजे दव. गवत दमट असलं की ठिणगी जागीच विझते. जाणकार सांगतात, गवत अंगाच्या उबेने सुकवा. म्हणून मी गवताचा गुंडा आणि लाकडाची फळी बनियन नि स्वेटरच्या मध्ये खुपसून आठवडाभर कचेरीत गेलो. खाज सुटायची, पण ध्येयापुढे खाज ती काय! मीटिंगमध्ये जरा हललो की छातीतून करकर आवाज यायचा. शेवटी साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"छातीचा फोटो काढून घ्या हो. लक्षण बरं नाही."

"गवत आहे, साहेब."

"छातीत?"

"छातीवर. सुकवतोय."

साहेबांनी तिथल्या तिथे दोन दिवसांची रजा मंजूर केली. (हीच रजा मी शहाण्यासारखा अर्ज करून मागितली असती, तर मिळाली नसती.)

रविवारी तळ्याकाठी असा वारा होता, की नाक जागेवर आहे ना हे चाचपून बघावं लागत होतं. बायकोच्या मागोमाग तिचा धाकटा भाऊ आला, काखेत गॅसची शेगडी मारून.

"भावोजी, तुमचं चालू द्या. मी आपला तयारीत असतो."

जखमेवर मीठ! मी फळीच्या खाचेत काठी उभी केली, वाकवलेल्या फांदीला दोरी बांधून केलेल्या धनुष्याचा तिला वेढा दिला आणि धनुष्य पुढेमागे ओढू लागलो. काठी गरगर फिरली आणि उडून मेहुण्याच्या गुडघ्यावर बसली. (चूकच ती. पण समाधान झालं.) दुसऱ्या खेपेला धूर आला, तो थेट माझ्या डोळ्यांत. तिसऱ्या खेपेला दोरीच तुटली. मी बुटाची नाडी काढली, पण बधिर बोटांनी गाठ काही बसेना.

"लावू का शेगडी?" मेहुण्याने विचारलं.

"गप्प बस रे तू," बायको म्हणाली आणि माझ्यापुढे हात केला. "आणा इकडे."

तिने अशी करकचून गाठ मारली की धनुष्य कुरकुरलं. मी जीव तोडून ओढू लागलो. खाचेत काळा भुगा साचला आणि त्यात एक लाल डोळा उघडला. मी तो गवतात अलगद घेतला, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. बायकोने अंगावरची शाल काढून आडवी धरली. ती स्वतः कुडकुडत होती.

"हळू फुंका! मेणबत्ती विझवताय का?"

मी हळू फुंकलं आणि भडका उडाला. मी नाचलो, एका पायातला बूट तळ्याच्या दिशेने गेला, तरी नाचलो. बायको टाळ्या वाजवत होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती माझ्याकडे बघून इतकी हसली नव्हती. खरं सांगतो, मला भरून आलं.

चहा उकळला. त्याला धुराचा वास होता, साखर कमी होती. मेहुण्याने दुसरा कप मागितला.

सामान घरात राहिलं. पण त्याच आठवड्यात आमचा गीझर बंद पडला. मी मेकॅनिकला फोन लावला, तर बायकोने तो काढूनच घेतला.

"मेकॅनिक कशाला? हे आहेत ना!" तिने शेजाऱ्यांदेखत इतक्या अभिमानाने सांगितलं की मला नाही म्हणवेना.

तेव्हापासून रोज सकाळी मी गच्चीवर धनुष्य ओढून आंघोळीचं पाणी तापवतो. आधी बायकोची बादली, मग मुक्काम वाढवलेल्या मेहुण्याची, मग शेजाऱ्यांच्या. माझी पाळी येईपर्यंत लाकडं संपतात, त्यामुळे घरात गार पाण्याने आंघोळ करणारा मी एकटाच आहे.